उतारा पाठ झाला, धडा राहून गेला

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही कॉल सेंटरांवर छापे घातले आणि साऱ्या देशाला मान खाली घालावी लागेल असा प्रकार उघडकीस आला. अमेरिकेतील नागरिकांना दूरध्वनी करायचा, आपण तेथील प्राप्तिकर खात्याचे अधिकारी आहोत असे भासवायचे, कर थकल्याबद्दल अटकेची धमकी द्यायची आणि घाबरलेल्या माणसाकडून पैसे उकळायचे, असा तो उद्योग होता. शेकडो तरुण-तरुणी तेथे काम करीत होते. फोनवर काय बोलायचे, त्याचा इंग्रजी मजकूर त्यांना लिहून दिलेला होता. तो त्यांनी पाठ केला होता आणि सातासमुद्रापलीकडच्या माणसाला खरा वाटेल अशा उच्चारांत ते तो रोज म्हणून दाखवीत होते.

ही मुले काही आकाशातून पडली नव्हती. आपल्याच शाळा-महाविद्यालयांतून ती बाहेर पडली होती. 'पुढील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' ही आज्ञा त्यांनीही परीक्षेत कितीदा तरी पाळली असेल. सापडलेले पाकीट परत करणारा मुलगा, लाच नाकारणारा कारकून, मालकाचा पै-पैचा हिशेब चोख ठेवणारा मुनीम अशी पात्रे त्या उताऱ्यांतून त्यांना भेटली असतील. मग हे असे का झाले? उतारा शिकवला गेला नाही म्हणून? मुळीच नाही. उतारा शिकवला गेला, त्यातील समानार्थी शब्द शोधून घेतले गेले, काळ ओळखला गेला, प्रयोग बदलून घेतला गेला. फक्त एक प्रश्न कोणी विचारला नाही : या माणसाच्या जागी तू असतास, तर काय केले असतेस?

इंग्रजीच्या शिक्षणाविषयी महाराष्ट्रात गेली पंचवीस वर्षे वाद चालला आहे, तो 'केव्हापासून' या एका शब्दाभोवती. पाचवीपासून की पहिलीपासून? २००० साली राज्य शासनाने पहिलीपासून इंग्रजी आणले, तेव्हा दोन्ही बाजूंनी रकानेच्या रकाने भरले गेले. माध्यम कोणते असावे, याचाही खल झाला. पण इंग्रजी कोणत्या मजकुरातून शिकवायचे, त्या मजकुरातील माणसे कोण आणि त्यांच्या वागण्याविषयी विद्यार्थ्याला काय विचारायचे, या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. वस्तुतः खरा प्रश्न तोच आहे.

वाघिणीचे दूध

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. येथे इंग्रजीला विरोध नाही. स्वभाषेच्या अभिमानाचा ज्यांनी महाराष्ट्राला मंत्र दिला, त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीच इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले, असे मराठी माणूस आजवर सांगत आला आहे. त्यांनी टिळक आदी सहकाऱ्यांसह १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात शाळा काढली, तिचे नाव 'न्यू इंग्लिश स्कूल' असेच ठेवले. राष्ट्रीय शिक्षणाचा विचार करणाऱ्या त्या पिढीला इंग्रजीचे भय वाटत नव्हते. दूध प्यायचे ते अंगी बळ यावे म्हणून, वाघिणीची चाकरी करण्यासाठी नव्हे, हे तिला पक्के ठाऊक होते.

या संदर्भात स्वपक्षीयांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. मेकॉलेच्या नावावर एक इंग्रजी उतारा आपल्या व्याख्यानांतून आणि संदेशांतून वर्षानुवर्षे फिरतो आहे. भारतभर हिंडलो, एकही भिकारी वा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे, अशा आशयाचे ते भाषण त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत केले, असे सांगितले जाते. तो उतारा बनावट आहे. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सदस्य म्हणून तो भारतात होता आणि त्या तारखेचे त्याचे जे टिपण उपलब्ध आहे, त्यात ही वाक्ये नाहीत. अस्सल टिपणात आपल्या वाङ्मयाविषयी जी तुच्छता ओतप्रोत भरली आहे, रक्ताने भारतीय पण रुचीने इंग्रज असा दुभाष्यांचा वर्ग निर्माण करण्याचा जो मनसुबा आहे, तो त्याच्यावर आरोप ठेवण्यास पुरेसा आहे. खोट्या पुराव्याची गरजच काय? कार्यालयातील सचोटीविषयी बोलू पाहणाऱ्याने आधी आपले दप्तर तपासलेले बरे. ज्याला मूळ इंग्रजी टिपण वाचता येते, तो अशा बनावट उताऱ्याला फसत नाही. इंग्रजी शिकण्याचे हेही एक प्रयोजन आहे.

खतावणीत काय होते?

इंग्रजी वाङ्मयात नोकरीच्या जगाविषयी लिहिलेला एक प्रख्यात निबंध आहे, चार्ल्स लॅम्बचा 'द सुपरअॅन्युएटेड मॅन'. तो १८२५ साली प्रसिद्ध झाला. लॅम्बचे निबंध आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासले गेले. आयुष्याची उमेदीची वर्षे कचेरीच्या मेजाला जखडलेला एक कारकून. रविवारचीही धड सुटी उपभोगता येत नाही, कामात चूक होईल या भीतीने रात्री झोप लागत नाही. एके दिवशी मालक बोलावतात. आता काढून टाकणार या धास्तीने तो आत जातो आणि हाती येते भरघोस निवृत्तिवेतन. मोकळ्या वेळाचे काय करायचे, हेच मग त्याला उमजत नाही. निबंध सुंदर आहे. माणसाला यंत्र करणाऱ्या नोकरीवरचे ते एक मर्मभेदी भाष्य आहे, यात शंका नाही.

परंतु हा कारकून कोणाच्या कचेरीत होता? निबंधात ती एक खाजगी व्यापारी पेढी आहे. प्रत्यक्षात लॅम्ब १७९२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत हिशेबनीस खात्यात रुजू झाला आणि १८२५ पर्यंत, तब्बल ३३ वर्षे, तेथेच राहिला. त्याच्या मेजावरून जी खाती गेली, ती पूर्वेकडून आलेल्या मालाची होती. चहा होता, रेशीम आणि कापड होते, नीळ होती. बंगालमधील निळीच्या शेतकऱ्याची पाठ कशी सोलली जात होती, कापडाच्या व्यापारापायी विणकरांची काय दैना झाली, त्याचा मागमूस या ललित निबंधात नाही. लेखकाला आपल्या थकव्याची जाणीव आहे, मेजावरील आकडे कोठून येतात याची नाही.

यात लॅम्बची निंदा करण्याचा हेतू नाही. मनोविकाराने ग्रस्त बहिणीचा सांभाळ त्याने जन्मभर केला, त्यासाठी स्वतःचा संसार मांडला नाही. माणूस म्हणून तो थोरच होता. आक्षेप आहे तो आपल्या वर्गावर. बंगालच्या निळीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा निबंध बंगालच्या, महाराष्ट्राच्या मुलांनी वाचला आणि तरी त्या खतावणीत काय लिहिले होते, असा प्रश्न प्रश्नपत्रिकेत आला नाही. लेखकाची विनोदबुद्धी, शैलीतील जुन्या शब्दांची गोडी, करुण आणि हास्य यांचे मिश्रण यांवर गाइडांतून छापील उत्तरे मिळत राहिली. नोकरीतील नीती म्हणजे वेळेवर येणे, मान खाली घालून काम करणे आणि साहेब प्रसन्न झाला तर कृतज्ञ राहणे, एवढाच अर्थ नकळत मनात झिरपत गेला. कारकून घडवणारे शिक्षण म्हणून ज्याला आपण नावे ठेवतो, ते याहून वेगळे काय असते?

लंडनमधील दुसरी कचेरी

त्याच लंडन शहरात, लॅम्बच्या निवृत्तीनंतर तीस वर्षांनी, एक भारतीय माणूस दुसऱ्या एका कचेरीत बसू लागला. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे प्राध्यापक असलेले दादाभाई नौरोजी १८५५ साली कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. घरचे धनाढ्य नव्हते; पेढी चांगली चालत होती; भागीदारी म्हणजे भाग्याचे दार उघडल्यासारखे होते. पण अफू आणि मद्य यांच्या व्यापारातून येणारा नफा त्यांच्या मनाला मानवेना. तीन वर्षांत त्यांनी भागीदारी सोडली.

अफूचा तो व्यापार बेकायदा नव्हता. उलट सरकारच त्यावर गबर होत होते. ज्या गोष्टीला कायदा हरकत घेत नाही, समाज नावे ठेवत नाही आणि सहकारी जी सुखाने करतात, ती केवळ मनाला पटत नाही म्हणून सोडायची, याला नोकरी-व्यवसायातील नीती म्हणतात. पुढे याच माणसाने भारताच्या लुटीचा हिशेब इंग्रजांच्याच भाषेत आणि इंग्रजांच्याच आकड्यांनी मांडला. १९०१ मध्ये त्याचा ग्रंथ झाला. खतावणीत काय लिहिले आहे हे वाचणारा आणि ते इंग्रजीतून जगाला वाचून दाखवणारा हा माणूस! इंग्रजी शिकवण्यासाठी याहून चांगला पाठ कोणता? लॅम्बचा निबंध आणि दादाभाईंचा एखादा उतारा शेजारी शेजारी ठेवून शिकवला, तर विद्यार्थ्याला दोन कचेऱ्या, दोन अंतःकरणे आणि एकाच भाषेचे दोन उपयोग एका तासात दिसतील.

पुण्यातील राजीनामा

लंडनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. न्यू इंग्लिश स्कूलमधून १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. संस्थेच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे संस्थेला वाहून घ्यावे, असा दंडक होता. लवकरच प्रश्न उभा राहिला : ज्याने आयुष्य संस्थेला दिले, त्याने बाहेरची कामे घ्यावीत काय? त्यातून मिळालेला पैसा कोणाचा? वेळ कोणाचा? टिळकांचे म्हणणे होते की, सदस्याचा सर्व वेळ आणि सर्व शक्ती संस्थेची आहे; एकदा सवलत दिली की त्यागाचा पायाच खचेल. आगरकर-गोखल्यांच्या बाजूचे म्हणणे होते की, नेमून दिलेले काम चोख झाल्यावर उरलेल्या वेळेवर माणसाचा अधिकार आहे आणि सार्वजनिक कार्य हे काही पाप नव्हे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले तेव्हा वाद विकोपाला गेला आणि १८९० साली टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला.

त्या राजीनाम्यासोबत त्यांनी आपली भूमिका सविस्तर लिहून दिली आणि ती इंग्रजीत लिहिली. ज्या संस्थेत आयुष्य घालवायचे ठरवले होते, तिच्यातून बाहेर पडताना एक प्रखर बुद्धीचा माणूस आपले म्हणणे मुद्देसूद मांडतो आहे. सहकाऱ्यांच्या आणि स्वतःच्याही वागण्याचा हिशेब घेतो आहे. नोकरीच्या ठिकाणी नीती म्हणजे काय, याची इतकी गंभीर चर्चा आपल्या मातीत, आपल्या माणसांत, इंग्रजी भाषेत झाली आहे. आणि आपल्या मुलांना 'वर्कप्लेस एथिक्स' शिकवण्यासाठी मात्र कुठल्या तरी परदेशी पुस्तकातील जॉन आणि त्याचा बॉस लागतो!

येथे टिळकांचेच बरोबर होते, असा निवाडा मुलांवर लादू नये. गोखल्यांनीही त्याच संस्थेत १९०२ पर्यंत निष्ठेने अध्यापन केले. आगरकरांनी तर प्राचार्य असतानाच १८९५ साली देह ठेवला. दोन्ही बाजूंना त्याग होता. म्हणूनच हा पाठ मोलाचा आहे. यात ठरीव उत्तर नाही. विद्यार्थ्याला आधी विरुद्ध बाजूचे म्हणणे इंग्रजीत प्रामाणिकपणे मांडावे लागेल, मग आपले मत कारणांसह लिहावे लागेल. रिकाम्या जागा भरून जेवढी भाषा येणार नाही, तेवढी अशा दोन परिच्छेदांनी येईल.

याहून मागे जायचे तर कौटिल्य आहे. सरकारी पैशाच्या अपहाराचे चाळीस प्रकार त्याने अर्थशास्त्रात मोजून सांगितले आहेत. उत्पन्न उशिरा दाखवणे, एकाच्या नावावरील रक्कम दुसऱ्याच्या नावावर टाकणे, वजन-मापात फरक करणे हे सगळे त्यात आहे. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे अधिकारी पैसा केव्हा खातो हे कळत नाही, हा त्याचा दाखलाही प्रसिद्ध आहे. या ग्रंथाची चिकित्सित आवृत्ती आणि इंग्रजी अनुवाद सिद्ध करणारे र. पं. कंगले हे मराठी विद्वान. मुंबई विद्यापीठाने १९६० च्या दशकात ते काम तीन भागांत प्रसिद्ध केले. मुंबईच्या विद्यापीठाने छापलेला, मराठी माणसाने केलेला, उत्तम इंग्रजीतील हा मजकूर मुंबईच्याच वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इंग्रजीच्या तासाला वाचावा, यात अशक्य ते काय आहे?

शब्द आले, आचरण गेले

काही जण म्हणतील, भाषेच्या तासाला नीतीचे कीर्तन कशाला? बाजाराला इंग्रजी बोलणारी माणसे हवीत, ती द्या म्हणजे झाले. या आक्षेपाला उत्तर बाजारानेच दिले आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात पुणे, मुंबई, गुडगाव, बंगळुरू येथे कॉल सेंटरांची लाट आली. घराघरांत पैसा आला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अनेक ठिकाणी कामावर रुजू होताच तरुणाला एक परके नाव देण्यात आले. दिवसा संदीप असलेला मुलगा रात्री 'सॅम' झाला. सचोटी हा शब्द प्रशिक्षणात त्याला इंग्रजीतून शिकवला गेला आणि त्याच रात्री पहिल्या वाक्यात स्वतःचे नाव खोटे सांगायला लावले गेले. त्या सौम्य असत्यात आणि मीरा रोडच्या गुन्ह्यात फार मोठे अंतर आहे, हे मान्य. पण रस्ता कोणत्या दिशेने जातो, हे तर दिसतेच.

आणि केवळ खालच्या पायरीवरच हे घडते असे नाही. हैदराबादच्या 'सत्यम' कंपनीला सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराबद्दल पारितोषिक मिळाले. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी राजीनाम्याचे पत्र लिहिले. पाच हजार कोटींहून अधिक रुपयांची बँकेतील शिल्लक अस्तित्वातच नाही, अशी कबुली त्यात होती. आपण वाघावर स्वार झालो होतो आणि उतरावे कसे ते कळत नव्हते, अशा अर्थाचे त्या पत्रातील वाक्य जगभर गाजले. पत्राची इंग्रजी निर्दोष होती! एका मराठी माणसाने वाघिणीचे दूध पिऊन १८९० साली राजीनामा लिहिला तो तत्त्वासाठी. एकशे एकोणीस वर्षांनी वाघावर बसलेल्या माणसाने राजीनामा लिहिला तो दुसरा मार्ग उरला नाही म्हणून. दोन्ही पत्रे मुलांना जरूर शिकवावीत, पण ती एकत्र शिकवावीत.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येईल : इंग्रजीचे पुस्तक कशाला, सुभाषिते पाठ करून घ्या, संस्कार आपोआप होतील. असे आपोआप काही होत नसते. अर्थ न विचारता पाठ केलेले सुभाषित आणि अर्थ न विचारता सोडवलेला इंग्रजी उतारा यांत फरक केवळ लिपीचा आहे. मराठी माध्यमात शिकून, संस्कृतात पैकीच्या पैकी गुण मिळवून टेबलाखालून पैसे घेणारे महाभाग आपण पाहिलेले नाहीत काय?

घरापासून आरंभ

म्हणून हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तक मंडळावर ढकलून मोकळे होता येणार नाही. मुलाच्या इंग्रजी संभाषण वर्गासाठी हजारो रुपये मोजणारा पालक त्याच मुलाच्या देखत अनुभवाच्या खोट्या दाखल्यासाठी ओळख काढतो, सहलीला जाण्यासाठी आजारपणाचे प्रमाणपत्र आणतो, दुकानदाराला पावती न देता स्वस्तात द्यायला सांगतो. मूल दोन्ही पाहत असते. उताऱ्यातील प्रामाणिक कारकून परीक्षेपुरता आणि बाबा मात्र खरे, हे त्याला न शिकवताच समजते.

कार्यकर्त्यांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. वस्तीवस्तीत अभ्यासिका चालतात, सुटीत संस्कारवर्ग भरतात. त्यांत आठवड्यातून एक तास इंग्रजी उताऱ्याला द्यावा. दादाभाईंच्या लेखनातील एक पान, टिळकांच्या राजीनाम्यातील एक परिच्छेद, कंगल्यांच्या अनुवादातील अपहाराचे प्रकरण आणि हो, लॅम्बचा निबंधसुद्धा. शब्दार्थ सांगावेत, व्याकरण नीट शिकवावे, त्यात हयगय नको. तोडकीमोडकी इंग्रजी ही काही देशभक्तीची खूण नव्हे. पण तास संपण्यापूर्वी पुस्तक मिटायला लावून तीन प्रश्न विचारावेत. या माणसाच्या खतावणीत काय लिहिले होते? ते त्याला ठाऊक होते का? त्याच्या जागी तू काय केले असतेस? उत्तर मोडक्या इंग्रजीत आले तरी चालेल, ते दुसऱ्याचे असून चालणार नाही.

मीरा रोडच्या त्या मुलांना हे तीन प्रश्न वेळेवर कोणी विचारले असते, तर त्यांतील सगळी नाही, पण दोन-चार तरी हातातला कागद खाली ठेवून खुर्चीवरून उठली असती. त्या दोन-चारांसाठी आठवड्यातला एक तास काढणे आपल्याला जड जाऊ नये.